एक जुलैची पोरं

सुदामा नगर, इंदूर
दि. ४ मे १९९७

चि. संबोधीस,
शंकरमामाचा जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

सुट्टीत महूला आईच्या हातचं खाऊन गोल झाली असशील. नोकरीच्या पहिल्याच वर्षी गुरुजी लोकांना सुट्टी अशी मानवते. इकडची बातमी म्हणजे तीस जूनला मी रिटायर होतोय. शाळेने भाषण ठेवलंय, विषय म्हणे 'छत्तीस वर्षांच्या अध्यापनाने मला काय शिकवलं'. मी बसून आठवलं तर तीन गोष्टी सापडल्या. फळ्यावर लिहिताना पाठीमागे काय चाललंय ते बघू नये. इन्स्पेक्टरला आधी चहा द्यावा, मग वर्ग दाखवावा. आणि प्रवेशाच्या दिवशी आईबापांना पोराची जन्मतारीख विचारत बसू नये, त्यांना ती ठाऊक नसते. एक जुलै लिहावं आणि पुढच्याला बोलवावं. मिलच्या चाळींतली अर्धी पोरं मी अशी एक जुलैला जन्माला घातली. वर एक वर्ष कमी लिहायचो, म्हणजे पुढे नोकरीत वर्षभर जास्त मिळेल. आता मिलच बसली, ते सोड.

गंमत पुढे आहे. मीही एक जुलैचाच! आणि माझ्या मास्तरांनी तर दोन वर्षं जास्त लिहिली, कारण तुझ्या आजोबांना मला लवकर पलटणीत घालायचं होतं. पलटण राहिली, तारीख चिकटली. म्हणजे जन्मण्याच्या दोन वर्षं आधीपासून माझं वय मोजलं जातंय. ती दोन वर्षं मला परत हवीत. खरं सांगतो, मला घरी बसायची भीती वाटते. मिल बंद झाल्यापासून शाळेत मूठभर पोरं उरलीत. भोंगा नाही, त्यामुळे शिपाई मनाला येईल तेव्हा घंटा देतो. तरी मला तिथेच बरं वाटतं. तुझ्या सुनंदामामीने माझ्यासाठी एक जुलैपासूनच्या कामांची यादी करून ठेवलीय. पहिलं काम, वर्षाचे गहू निवडणे.

आजोबांच्या ट्रंकेत पलटणीचे कागद असतील. तेवढे शोध. लोभ चालू ठेव, पगार बंद व्हायचाय.

तुझा,
शंकरमामा


महू
दि. १२ मे १९९७

ती. मामांस,
संबोधीचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, धाकट्या भावाला कडेवर घेऊन ती फिरली आहे, तेव्हा त्याचं वय तिला विचारावं, ट्रंकेला कशाला? तिला विचारलं तर म्हणाली, दिवाळीच्या आसपास, थंडी होती. वर्ष विचारल्यावर तिने मला भाजी निवडायला बसवलं.

पण ट्रंक कामाला आली. आजोबांच्या भरतीच्या कागदावर घरच्या माणसांची यादी आहे. त्यात स्वच्छ लिहिलंय : मुलगा शंकर, जन्म १९ ऑक्टोबर १९३९. म्हणजे मामा, तुमची दोन वर्षं आणि वर साडेतीन महिने निघतात. कागद रजिस्टरने पाठवतेय.

एक विचारू? हा कागद इतकी वर्षं इथेच पडून होता. आधी का नाही मागितलात? परीक्षेच्या आदल्या दिवशी वही शोधणाऱ्या पोरांना तुम्ही काय म्हणायचात, ते मला चांगलं आठवतंय, पण आई म्हणते मोठ्यांना लिहू नये.

मामींना नमस्कार. माझ्यावरची माया दोन वर्षांनी कमी-जास्त करू नका.

तुमची,
संबोधी


सुदामा नगर, इंदूर
दि. ९ जून १९९७

चि. संबोधीस,
जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

कागद घेऊन छाती फुगवून शिक्षण खात्याच्या ऑफिसात गेलो. खुर्चीत कोण, तर आपला नरेंद्र! मिलच्या चाळीतला, माझाच विद्यार्थी. उठून पाया पडला, सरजी सरजी करत कचोरी मागवली. मी मनात म्हटलं, काम झालं. त्याने कागद दोनदा वाचला, खरा आहे म्हणाला, आणि परत माझ्या हातात ठेवला. नोकरी संपता संपता जन्मतारीख बदलायची नाही, असा नियम आहे म्हणे. मी म्हटलं, नियम मलाच शिकवतोस? तर हात जोडून म्हणाला, आपनेही सिखाया था सरजी, घंटा झाली की पेन खाली.

आठवीच्या गणिताच्या पेपरात घंटा झाल्यावर हा उत्तर बदलत होता. मी पेपर ओढून घेतला. बदललेलं उत्तर बरोबर होतं, हे त्याला अजून आठवतं. मला नव्हतं आठवत. सूड म्हणावा तर कचोरीची दुसरी प्लेट त्यानेच मागवली. मी दोन्ही खाल्ल्या आणि घरी येऊन भांडायला मामी शोधली.

आता गहू निवडायचे. तू तीस तारखेला ये, टाळ्या वाजवायला कुणीतरी घरचं हवं. जीव लावतेस तसा लावत राहा.

तुझा,
शंकरमामा


हातोद
दि. ५ जुलै १९९७

ती. मामांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमच्या भाषणातल्या तिसऱ्या धड्याला लोक हसले, पण इथे माझ्या शाळेत परत आल्यावर तो मला लागू पडेना. प्रवेशाला पिंकी नावाची पोर आली. बाप इंदूरच्या मिलमध्ये होता, आता सासुरवाडीला येऊन मंडीत पोती उचलतो. हेडमास्तर नानासाहेब म्हणाले, एक जुलै टाका मॅडम. माझा पेन टेकलाही होता. सहज विचारलं, तर बापाने पापणी न हलवता सांगितलं. मिलचा शेवटचा भोंगा झाला, त्याच्या चौथ्या दिवशी, सकाळी पाण्याचा टँकर आला तेव्हा. शेवटच्या भोंग्याची तारीख त्याला वारासकट पाठ आहे. वो दिन कैसे भूलेंगे मॅडम, म्हणाला. मी चार दिवस मोजले आणि तीच तारीख लिहिली. एका पोरीला एवढा वेळ लागला म्हणून नानासाहेब रुसले आहेत.

रांगेत अजून पुष्कळ आहेत. चुकलं असेल तर कान धरा, पण माया पातळ करू नका.

तुमची,
संबोधी


सुदामा नगर, इंदूर
दि. ११ जुलै १९९७

चि. संबोधीस,
जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मामीला वाचून दाखवताना मध्येच थांबलो. मला लाज वाटली. छत्तीस वर्षं मी सांगत फिरलो की त्यांना ठाऊक नसतं. पोरी, मी विचारलंच नव्हतं. तारीख काय, एवढं दरडावायचो, ते गप्प झाले की एक जुलै. त्याच भोंग्यावर मीही घड्याळ लावत होतो, पण तो झाला तेव्हा कुणाच्या घरात तान्हं रडलं, हे विचारायचं सुचलं नाही.

काल नरेंद्रच्या घरी गेलो. त्याची आई मेथी निवडत होती. तिला विचारलं, नरेंद्र कधीचा? मान वर न करता म्हणाली, रंगपंचमीचा, भर दुपारी, मिलची गेर, ती रंगाची मिरवणूक, दारावरून चालली होती आणि सुईण रंगात भिजून आली. नरेंद्रला हे चाळीस वर्षांत माहीत नव्हतं. मग म्हणाला, सरजी, हेही आता बदलता येणार नाही. नियम पाठ आहे गाढवाला. पण निघताना आईला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावत होता.

माझे गहू अर्धे निवडून झालेत, उरलेले मामीने रागाने हिसकावून घेतले. तेव्हा सोमवारी पहिल्या बसने हातोदला येतो. नानासाहेबांना सांग, पगार नको, एक खुर्ची पुरे. नसेल तर स्टूल. मी विचारेन, तू लिही.

आहे तेवढा जिव्हाळा पुरे, फक्त तारीख चुकवू नकोस.

तुझा,
शंकरमामा
जन्म १९ ऑक्टोबर