शून्य भरू नकोस

अमरावती

प्रिय दीक्षा,

जयभीम. तू अकोल्याला नीट पोचलीस हे फोनवर कळलं, तेव्हा मी मोघमच बोललो. हे बोलता येणार नाही, म्हणून लिहितो आहे. एकदा हाती आलेला माइक परत न देणाऱ्या माणसाचं हे वाक्य आहे; हसू आलं तर हस.

तुझ्या आईनं गावोगाव फिरून म्हाताऱ्या बायांच्या आठवणी रेकॉर्ड केल्या, तू त्यांच्यासाठी घरात सर्व्हर बसवलास आणि मी त्याचं भाषण केलं. "दोन डिस्का, दोन्हींवर एकच मजकूर, आरशासारखा! आता आमच्या बायांचा आवाज कुणाचा बाप पुसू शकत नाही!" टाळ्या पडायच्या. खाली बसलेली तुझी आई, माझी मैना, शेजारणीला म्हणायची, "आरसाच आहे तो. तोंडाले काजळ लागलं, त त्यालेबी लागते." तिला कळलेलं मला कळायला ती जावी लागली.

ती अंथरुणाला खिळली त्याच दिवसांत एक डिस्क गुपचूप जोडीतून निसटली. सर्व्हरनं इशाऱ्याचे मेल पाठवले, तेही तिच्याच पत्त्यावर. ते कोण उघडणार होतं? मग या उन्हाळ्यात लाइन ये-जा करून राहिली, इन्व्हर्टर बसला, आणि सगळा भार वाहणारी दुसरी डिस्कही बिघडली. दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, जुनी डिस्क चांगली आहे. तिच्यावरून हिच्यावर भरून टाकू, घंट्याभराचं काम." पण जुनी, म्हणजे आधी निसटलेली डिस्क, तुझी आई हिंडती-फिरती होती तिथंच थांबलेली. तिच्या लेखी घरात कुणी आजारी नाही. तिच्यावरून भरलं असतं, तर आईचे शेवटचे महिने पुसले गेले असते. मी हो म्हणणारच होतो. तू फोनवर ओरडलीस, "बाबा, कशालेच हो म्हणू नका!" जन्मभर सभांना "मान्य आहे का?" विचारून "हो" वसूल करणारा मी, दुरुस्तीवाल्याला 'नाही' म्हणालो.

तू आलीस. आधी बिघडलेल्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढलीस आणि दुरुस्ती त्या प्रतीवर केलीस. मी मागं येरझारा घालत "झालं का?" विचारत होतो. तू म्हणालीस, ही दुरुस्ती मोडलेलं जुळवते, गेलेलं आणत नाही. ज्यांची नावं हरवली त्या फायली नुसता नंबर लावून एका कोपऱ्यात ठेवते. "आवाज तुम्ही ओळखा, नावं तुम्हीच द्या," असं म्हणून तू गेलीस.

दिली. बार्शीटाकळीच्या चतुराबाई पहिल्याच शिवीला ओळखू आल्या. छप्पन सालची धम्मदीक्षा सांगतानाही त्यांचं तोंड तेच. धारणीकडच्या एका फायलीत कोंबडी ओरडते, मैना मोडक्या कोरकू भाषेत काहीतरी विचारते आणि सगळ्या बाया खो-खो हसतात. तिचं हसू सगळ्यांत शेवटी थांबतं.

एका फायलीत मात्र दुसरं कुणी नाही. पंख्याची घरघर, तिचा खोकला, आणि मग, "दीक्षे, तुह्या बाबाले सांगजो, का मले…"

पुढं काही नाही. फाईल चालूच राहते, आवाज नाही. तूच सांगितलं होतंस ना, तुकडा सापडला नाही की तिथं शून्य भरलेलं असतं.

पोरी, आयुष्यभर मी तिची वाक्यं पुरी केली. सभेत, पाहुण्यांसमोर, डॉक्टरांसमोरसुद्धा. कुठं दुखतं हे तिला विचारलं, तरी उत्तर मीच द्यायचो. या वाक्यालाही माझ्याजवळ कितीतरी शेवट तयार आहेत, एकेकाला टाळी पडेल असे. त्यातला एकही तिचा नाही. म्हणून विचारतो: हे तिनं तुला कधी तोंडी सांगितलं होतं का? सांगितलं असेल तर तिच्याच शब्दांत लिही, कडू असलं तरी. नसेल सांगितलं, तर 'नाही' एवढंच लिही. बापाची कीव येऊन तिथं काही भरू नकोस.

तुझाच, पहिल्यांदाच ऐकायला बसलेला,
बाबा