नवरदेव आडवा येतो

हेश्वान ३, सोमवार

आजही नाही! सगळी तयारी झाली होती. डाव्या हाताला प्रार्थनेचे पट्टे बांधलेले, उजवा समोरच्या फळीवर ठेवला, कपाळ आता टेकणार — एवढ्यात मागून फळीवर थाप. ‘नवरदेव आहे! टेकवायचं नाही!’

कातडी कमावणाऱ्याचा थोरला. कालच लग्न झालं. नवरदेव प्रार्थनाघरात असला की कुणी कपाळ टेकवून रडायचं नाही, त्याचा आनंद तो सगळ्यांचा आनंद. तोही सात दिवस! मागचा महिना सणांत गेला, तेव्हा टेकवणं नव्हतंच. हेश्वानात एकही सण नाही म्हणून मी वाट बघत बसलो होतो. आता हा.

मला काय मागायचंय ते वरच्याला ठाऊक आहे. झुंडेल! माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा, लाकडाचा व्यापारी, प्रार्थनाघराचा प्रमुख. आमचे जावईबापू.

माझा मुलगा लिबके गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी मी सुतकात जमिनीवर बसलो होतो. घरात दहा माणसं. झुंडेल म्हणाला, ‘न्याय करणारा खरा आहे, अझ्रिएल. सात वर्षांचं पोर तो उगाच नेत नाही. शुक्रवारी शब्बाथचे दिवे लागून कामबंदी सुरू झाली तरी तू काचा बसवत शिडीवर असतोस, सगळ्या गावाला दिसतं.’

खोटं! शिडी भिंतीला होती, मी शिडीवर नव्हतो. पण माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. आत माझी बायको त्सिव्या ऐकत होती. त्या दिवसापासून ती माझ्याकडे बघते तेव्हा मला शिडीच आठवते.

त्याच आठवड्यात त्याचा मुलगा शमेरल त्याच तापात पडला. तो उठला. मग सणात जेवण घातलं — हेरिंग मासे, वोडका, मधाचा केक. पेला वर करून ओरडत होता, ‘चमत्कार! चमत्कार!’ एकच ताप. त्याच्या घरी चमत्कार आणि माझ्या घरी न्याय.

ज्याला चारचौघांत शब्दाने फाडलं त्याची आसवं वरून कधी परत पाठवत नाहीत, असं आमचे आजोबा सांगायचे. दहा जणांत कपाळ टेकवून मागावं, लागतंच. माझ्या बहिणीने, फ्रेडलनेही ऐकलंय, ती माझ्या शेजारीच बसलेली असायची. दुपारची प्रार्थना माझी खेड्यात होते, पाठीवर काचा, एकट्याची. तिचा उपयोग नाही. सकाळच हवी, आणि झुंडेल समोर हवा; तो लाकडासाठी निम्मे दिवस बाहेरगावी.

हेश्वान ५, बुधवार

नवरदेव आहेच. दाढीत केकचा चुरा, जांभयांवर जांभया. याला साधी सर्दीही होत नाही!

हेश्वान १०, सोमवार

नवरदेव संपला. आज सुंता! पाववाल्याच्या मुलाचा आठवा दिवस. बाळाचा बाप समोर उभा, डोळे सुजलेले, हसू कानापर्यंत. टेकवायचं नाही. मीही हसलो. दात दुखेपर्यंत हसलो.

हेश्वान १७, सोमवार

गेट्झल! पाणक्या गेट्झल नवरदेव! सत्तरी उलटली, तोंडात दात शोधावे लागतात, आणि अंडीवाल्या ब्रायनाशी लग्न करून बसला. विधुर-विधवेचे तीनच दिवस, पण माझे तेवढे गेलेच.

‘अहो, या वयात हे काय सुचलं?’ मी विचारलं.

‘मला कुठलं सुचतंय, बाबा! फ्रेडलबाईंनी सुचवलं. रजई त्यांची, सरपण त्यांचं. अट एकच, सकाळी प्रार्थनेला वेळेवर यायचं.’

तिथेच डोक्यात प्रकाश पडला. कातडीवाल्याच्या पोराचं लग्न वसंतात ठरलं होतं, अलीकडे ओढलं कुणी? फ्रेडलने! माझं कपाळ टेकू नये म्हणून माझी बहीण अख्ख्या गावाची लग्नं लावत सुटलीय.

हेश्वान १८, मंगळवार

आली दुकानात. हातात जवाच्या सूपचं भांडं.

‘दादा, गरम आहे तोवर खा.’

‘संपले का नवरदेव?’

लाजली नाही. ‘अजून आहेत. गावातले संपले तर बाहेरून आणीन.’

‘त्यापेक्षा नवऱ्याला सांग. ज्या दहा जणांसमोर बोलला त्यांच्यासमोर शब्द मागे घे म्हणावं. मग मी कपाळ टेकवून स्वतःची पापं मोजत बसेन.’

‘रोज सांगते. म्हणतो, खरं बोललो, खऱ्याची माफी कसली?’

‘मग लाव लग्नं.’

‘दादा, त्याचं काही बरंवाईट झालं तर माझी पोरं तुझ्याच दारात येतील.’

‘येऊ देत. जेवायला घालीन.’

‘असं बोलताना काहीच वाटत नाही तुला?’

‘वाटतं. गोड वाटतं.’

भांडं ठेवून निघून गेली. सूप चांगलं झालं होतं. रागारागाने सगळं संपवलं.

हेश्वान २४, सोमवार

आज शिंप्याचा मुलगा. त्याची नवरी सकाळभर रडत होती म्हणे. ती तरी रडू शकली.

दुपारी रब्बी येखिएल यांची खिडकी केली. मी काचेच्या कडेला लुकण दाबत होतो आणि ते पाठीमागे उभे.

‘अझ्रिएल, वरच्या दरबारात जो फिर्याद नेतो त्याचीच झडती आधी घेतात.’

‘घेऊ देत. काय उरलंय सापडायला?’

‘चमत्कार मागू नये, बाबा. तो कुणाच्या तरी ताटातलं काढून वाढतात.’

‘माझ्या ताटातलं काढून झुंडेलला वाढलंच की! तेव्हा कुणी बोललं नाही.’

काचेवरचा डाग बोटाने पुसला. मग म्हणाले, ‘त्याची इच्छा ती आपली करून घ्यावी. दुसरा मार्ग नाही.’

‘आधी त्याने माझी करून बघावी.’

‘तो तुझं ऐकेल, अझ्रिएल. हीच तर मला भीती आहे.’

पैसे द्यायला विसरले. मीही मागितले नाहीत. इतका आनंद झाला होता. ऐकेल म्हणाले!

किस्लेव ५, गुरुवार

पुन्हा सुंता. गावातल्या बायकांना या महिन्यात दुसरा उद्योग नाही.

वाटेत शमेरल भेटला. ‘मामा!’ करून हाताला लोंबकळला. लिबकेचीच उंची, लिबकेसारखाच शेंबूड बाहीला पुसतो. हात सोडवून घेतला. पोरावर माझा राग नाही. बघवत नाही एवढंच.

किस्लेव ११, बुधवार

खरंच बाहेरून आणला! शेजारच्या गावचा नवरदेव, घसरगाडीत कांबळ्यात गुंडाळून. रोज पहाटे आणायचा आणि नाश्ता घालून परत सोडायचा, असं ठरलंय. झुंडेलला वाटतं बायको पुण्य जोडतेय. सगळ्यांना सांगत फिरतो. गाढव!

किस्लेव १६, सोमवार

रात्रभर बर्फ पडला. रस्ता बंद, घसरगाडी आलीच नाही. गावात आज ना नवरदेव ना सुंता.

बायकांच्या सज्ज्यात जाळीमागे फ्रेडल दारावर डोळे लावून उभी होती. थाप पडली नाही. इतके दिवस सगळे मला शिकवत होते — देवाची इच्छा, देवाची इच्छा! घ्या आता. बर्फ कुणी पाडला?

कपाळ टेकवलं. हाताला लुकणाचा वास येत होता. झुंडेल माझ्या पुढच्याच रांगेत, त्याचंही कपाळ खाली. मी मागितलं. मोजके शब्द. काय ते या पानावरसुद्धा लिहीत नाही.

उठलो तेव्हा बाही भिजली होती आणि छाती हलकी झाली होती. महिन्यांनी पोटभर जेवलो. त्सिव्याने विचारलं, ‘आज काय झालं?’ म्हटलं, ‘भूक लागली.’

किस्लेव १९, गुरुवार

काय लिहू! धर्मग्रंथाचं वाचन संपल्यावर झुंडेलने स्वतःच फळीवर थाप मारली. सुतकात त्या दिवशी माझ्या घरी जे जे होते त्यांना नावाने पुढे बोलावलं. चेहरा पिठासारखा. सोमवारपासून फ्रेडल त्याच्याशी शब्द बोलली नव्हती, चूल पेटवली नव्हती, हे मला नंतर कळलं.

‘अझ्रिएलबद्दल बोललो ते खोटं होतं. शिडीवर कुणी नव्हतं. मी भ्यालो होतो. घरी माझा शमेरल तापाने फणफणत होता. वाटलं, कारण अझ्रिएलच्या घरात सापडलं की माझ्या घरात कुणी शोधायला येणार नाही.’

आणि रडला. सगळ्यांसमोर, नाक गळेपर्यंत. ‘मला माफ कर.’

रीतीप्रमाणे मी तीनदा म्हणालो — माफ, माफ, माफ. हेच तर हवं होतं मला! हेच! सोमवारच्या आधी का नाही सुचलं रे, मेल्या?

बाहेर रब्बींना गाठलं. मागितलेलं परत घेता येतं का? त्यांनी विचारलं, ‘काय मागितलंस?’ मी बुटाकडे बघत राहिलो. म्हणाले, ‘टेकव पुन्हा. मनापासून परत माग. लवकर.’

किस्लेव २२, रविवार

कपाळ टेकवलं. ‘माझं मागणं परत दे’ एवढंच म्हणायचं होतं. डोळ्यांच्या कोपऱ्यातून झुंडेलची मान दिसली. गुबगुबीत, हलकीफुलकी. एकदा रडला आणि मोकळा झाला! लिबके मातीत, आणि याची भूक परत आली.

शब्द गिळला. राहू दे त्याला थोडं टांगलेलं. घाई काय आहे?

किस्लेव २४, मंगळवार सकाळ

आजही ‘परत दे’ म्हटलं नाही. बघू.

किस्लेव २५, पहिली ज्योत

सूर्य मावळून सण लागला, पहिला दिवा लावत होतो तेव्हा फ्रेडल आली. डोक्याला रुमाल नाही. झुंडेल ठणठणीत आहे. शमेरलला दुपारपासून ताप, गळा सुजलाय.

‘दादा, त्याने माफी मागितली ना? मग सोमवारी काय मागितलंस तू? शब्द सांग मला.’

झुंडेलचं मरण मी मागितलंच नव्हतं. ते फार थोडं वाटलं. मी म्हटलं होतं, त्याला माझ्यासारखं कर.

चमत्कारांचा सण लागला. आता आठ दिवस कुणालाच कपाळ टेकवता येणार नाही.