आधी मुद्रा, मग कृती

१५ जानेवारी १९९३, सकाळी ६
पोंगल झाला. आता मन लावून काम. ३१ मार्चला संगीत कॉलेजात स्वतः रचलेली कृती, म्हणजे कर्नाटकी पद्धतीचं गाणं, द्यायची. नाही दिली तर डिप्लोमा नाही आणि अप्पा बसस्टँडसमोर एस.टी.डी. बूथ काढून मला त्यात बसवणार. त्यांचं म्हणणं, देश बदलतोय, लोक फोन करणार. करोत बापडे. मी रचनाकार होणार. (आम्ही तमिळ मुलखातले मराठी, घरात देवनागरी कुणालाच वाचता येत नाही, म्हणून इथे मोकळेपणानं लिहितो.)

१६ जानेवारी
राग खरहरप्रिया, ताल आदि. म्हणजे निम्मं काम झालंच. शेवटच्या ओळीत रचनाकार आपलं नाव गुंफतो, ती मुद्रा. ती आधी ठरवावी. पाया भक्कम हवा.

२ फेब्रुवारी
मुद्रा ठरली: सेतुदास. सेतुमाधव हे स्वतःचं नाव जसंच्या तसं घालणं बरं दिसत नाही.

९ फेब्रुवारी
सेतुदास रद्द. फारच खालमानेचं वाटतं.

१८ फेब्रुवारी
घरात अम्माचा मिक्सर. सुचणार कसं? बसनं पापनाशमला गेलो, कालव्याकाठी बसलो. डास. इडली खाऊन परत.

१९ फेब्रुवारी
ओरत्तनाडुला गेलो. तिथे फारच शांत. इतक्या शांततेत लक्ष लागत नाही.

४ मार्च
वर्गातल्या भुवनाची कृती तयारसुद्धा झाली! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, म्हणतात ते हेच. मुद्रेचा पत्ता नाही. काय घालू म्हणून मलाच विचारत होती. सेतुदास देऊन टाकली. कोरीच होती. बिचारीला तेवढाच आधार.

११ मार्च, दुपारी ३
सापडली! नादमाधव. वहीत चाळीसदा लिहून पाहिली. अंगावर काटा आला.

३१ मार्च
राजम टीचरना शेवटची ओळ दाखवली. म्हणाल्या, "मुद्रा सुंदर आहे, सेतु. हिच्या आधीचं गाणं कुठे आहे?" येतंय म्हणालो. पंधरा दिवस वाढवून मिळाले. घरी येऊन मुद्रा आणखी दहादा लिहिली.

१४ एप्रिल
तमिळ नवं वर्ष. पहाटे चारला उठणार होतो. नऊला उठलो. पायसम जड झालं.

१५ एप्रिल
ताप. थर्मामीटरमध्ये दिसत नाही, पण आहे. कॉलेजला गेलो नाही. भीती वाटते. कसली, ते लिहीत नाही.

७ जून
बूथ उघडलं. अप्पांनी माझी वही पाहिली असावी, कारण नादमाधव मी इंग्रजी अक्षरांतही लिहून ठेवलं होतं. त्यांनी ते पाटीवर रंगवून आणलं. तमिळ आणि इंग्रजीत, खाली एस.टी.डी., आय.एस.डी., पी.सी.ओ. म्हणाले, तुझी आवड म्हणून. त्यांचा चेहरा बघून मी पाटी टांगायला शिडी धरली.

पहिलं गिऱ्हाईक भुवना. डिप्लोमात पहिली आली हे कळवायला तिनं मद्रासच्या आत्याला फोन लावला आणि काचेआडून अख्खी कृती गाऊन दाखवली. दार नीट लागत नाही, सगळं ऐकू आलं. गाणं चांगलं होतं. फार चांगलं होतं. शेवटच्या ओळीत सेतुदास आला तेव्हा मी मीटर बघायचं विसरलो.

हा सेतुदास कोण, असं आत्यानं विचारलं असणार. भुवना म्हणाली, "कुणी नाही गं आत्या. नुसतं नाव आहे."

उद्या सुताराला बोलावून दार नीट करून घेतो.