झाकणावरचं नाव

डोणगाव,
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

प्रिय पूनम,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू ते बाजूला सारलं असशील. सारलंस तरी चालेल, तेवढं मी कमावून ठेवलं आहे. आपलं शेवटचं बोलणं झालं ते शेखर गेल्यावर त्याच्या तिसऱ्याच्या दिवशी, आणि त्याला बोलणं म्हणायचं की आणखी काही, ते तूच ठरव. फोन करायला तीनदा घेतला होता. पण फोनवर मी रडेन, तू "आई, राहू द्या" म्हणशील आणि सगळं राहूनच जाईल. म्हणून लिहिते. वैशाखात तुझा भाऊ प्रसेनजित येऊन जे विचारून गेला, त्याचंही उत्तर द्यायचं आहे. तेव्हा मी तोंड फिरवून आत निघून गेले होते. पण आधी तुमच्या परदेशातल्या गावाचं, ट्रामोरचं सांगते. तिथं गेले नसते तर हे पत्र लिहायला बसलेच नसते.

शेखर ज्या वृद्धाश्रमात नर्स होता, तिथले लोक दर नोव्हेंबरात गेलेल्या माणसांची आठवण करतात, हे तुला ठाऊक आहे. बोलावणं तुझ्या नावानं आलं. तू माझ्या लेकीला, संजीवनीला म्हणालीस, ताई, आईंना घेऊन जा, त्यांनी आमचं तिकडचं गाव पाहिलं नाही. मला वाटलं, हिला जायला तोंड नाही म्हणून म्हातारीला पुढं करते आहे. बघ, माझं मन कुठल्या थराला गेलं होतं. व्हिसाचे कागद तू माहेरी वरवट बकालला बसून भरलेस. वर एक चिठ्ठी दिलीस : समुद्रावर वारा असतो, कान बांधा, चढावर दम लागला तर बाकावर बसा. मी ती वाचली, घडी करून पिशवीत टाकली आणि तोंडातून चांगला शब्द काही काढला नाही.

समुद्र मला आवडला नाही, खरं सांगते. आपल्या पैनगंगेला पूर आला तर पाणी निदान पुढं कुठं तरी जातं. हे जागच्या जागी येरझारा घालत राहतं. शेखर किती वेळा म्हणाला होता, आई ये, तुले समुद्र दाखवतो. आणि मी दर वेळी म्हणायचे, भांड्यांचं दुकान कोण पाहील रे? गेल्या महिन्यात दुकानाला दहा दिवस कुलूप होतं. डोणगावचं काही अडलं नाही. हे मला आता कळून काय उपयोग!

आठवणीचा कार्यक्रम साधाच झाला. मेणबत्त्या लावल्या, नावं घेतली. त्यांना शेखरमधला ख काही म्हणता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या घशाखाली तिथला पाव उतरेना, म्हणून संजीवनी मला भाजी घ्यायला चढावरच्या बाजारात घेऊन गेली. लुगड्यावर जावयाचा कोट, डोक्याला मफलर, असं माझं ध्यान. त्या भाजीवाल्यानं, ब्रेंडननं, मला काचेतून पाहिलं, हातातला गाजरांचा ढीग तसाच टाकला आणि बाहेर आला. संजीवनीला एवढंच विचारलं, शेखरची आई? मग आत गेला आणि डबा घेऊन आला.

आपला डबा, पूनम. मी लांबूनच ओळखला. झाकणावर नाव टाकलेलं : सौ. पुष्पाबाई ना. सुरडकर, डोणगाव. तो 'ड' ह्यांच्या हातचा होता, शेपूट जरा लांब ओढायचे ते. नारायणराव जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली. माझ्या नावामागचा तो सौ. गेला, पण सातासमुद्रापलीकडे एका भाजीच्या दुकानात तो तसाच राहिला होता. ब्रेंडन काय म्हणाला ते संजीवनीनं सांगितलं. शेखरनं त्याला समजावलं होतं म्हणे, आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. म्हणून त्यानं डब्यात सफरचंदं भरून ठेवली. ती नासली, मग दुसरी भरली. असं वर्षभर केलं. द्यायचा कोणाला, ते त्याला कळत नव्हतं.

आता त्या डब्यांचं लिहायलाच हवं. तुला सांगायची गरज नाही, पण मला माझ्या हातानं लिहून काढायचं आहे. मी शेखरला शेव, चकल्या, करंज्या डबे भरभरून द्यायची, आणि डबे परत यायचे नाहीत. गेल्या वर्षी, शेखर इथं घरीच गेला त्या दिवाळीला, तुम्ही आधी बारा नेलेले, दोनच घेऊन आलात. मी तुला विचारलं, तू म्हणालीस, "आई, ते त्यांनी दुकानांमधी देल्ले." भांडेवालीला भांड्याची माया जास्त. मला वाटलं, सासूच्या हातचं फेकून दिलं आणि डबेही फुंकून टाकले. तो राग मी जपला, वाढवला. आणि तिसऱ्याच्या दिवशी, आळीतल्या सगळ्या बाया बसलेल्या असताना, मी बोलले : "माह्या लेकाले इनं पावावर ठेवलं. उपाशी मारलं इनं त्याले." डॉक्टरनं हृदयाचं कारण लिहिलेलं मी वाचलं होतं. तरी बोलले. तू मांडीवरच्या लेकीचे, छकुलीचे, कान झाकलेस आणि संध्याकाळी माहेरी निघून गेलीस. तुझे ते हात मला अजून दिसतात.

ब्रेंडननं मग आम्हाला शेजारी मॉरीनकडे नेलं. लोकरीचं दुकान आहे तिचं, तुला माहीतच आहे. बाई माझ्याच वयाची, बोलायला लागली की थांबत नाही, आणि अर्धं बोलणं हवेबद्दल. तिच्याकडचा डबा उघडला तर आत छकुलीसाठी टोपी. एकदा विणून झाली होती म्हणे, पण कोणी न्यायला आलं नाही. पोरगी वाढली असेल म्हणून बाईनं सगळी उसवली आणि मोठ्या मापाची पुन्हा विणली. संजीवनी तिथंच रडायला लागली. मी नाही रडले. मला वाटत होतं, माझ्या लेकानं माझं नाव केवढं मोठं केलं! खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती माझी.

ती छाती कोपऱ्यावरच्या दुकानात खाली बसली. तो पॅट, जोडे शिवतो, किल्ल्या करतो आणि बक्षिसाच्या कपांवर नावं टाकतो, त्याच्याकडे तिसरा डबा होता. त्याची मशीन पाहून मला आपल्याच दुकानात आल्यासारखं झालं. त्यानं मला स्टुलावर बसवलं, चहा दिला आणि माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, सोमवारची तुमची ती मेथीची पोळी मी विसरलो नाही. बायको गेल्यापासून आठवड्यात तेवढंच एक गरम जेवण असायचं. डबा हातात धरवायचा नाही इतका गरम.

मी संजीवनीकडे पाहिलं. "अवं, मी डोणगावाहून गरम पोळी कशी धाडीन?" तिनं ते त्याला सांगितलं. पॅटनं झाकणावर बोट ठेवलं. म्हणाला, हे तुमचंच नाव ना? शेखरची बायको कामावर जाता जाता आणून द्यायची. मी तिला दर वेळी विचारायचो, कुणी केलं, आणि ती म्हणायची, आईंनी.

पूनम, सात वाजता तुझं काम सुरू व्हायचं. म्हणजे तू पहाटे किती वाजता उठत होतीस? माझ्या करंज्या संपायच्या पंधरा दिवसांत. बाकीचं सगळं वर्ष तू रांधलंस, माझ्या लेकाला खाऊ घातलंस, उरलं ते माझ्या डब्यांत भरलंस आणि माझं नाव सांगून त्या परक्या माणसांना दिलंस. काऊन गं असं केलं? मी तुला उपाशी मारणारी म्हटलं, तेव्हा तरी सांगायचं होतंस. भर बायकांत माझं तोंड बंद झालं असतं. पण तू ते केलं नाहीस, आणि का केलं नाहीस तेही मला समजतं. तिसऱ्याच्या दिवशी लेक गेलेल्या बाईला कोण खोटं पाडतं! तू नाही पाडलंस. मी मात्र तुला पाडलं.

दुसऱ्या दिवशी मी ब्रेंडनकडून मेथी आणली. तिथं मेथी कुणी खात नाही, तो तुझ्यासाठी मागवायचा आणि वर्ष झालं तरी मागवणं त्यानं बंद केलेलं नाही. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या शेगडीवर पोळ्या केल्या. दोन करपल्या, कारण ती शेगडी माझं ऐकेना. तीन ठिकाणी गरम नेऊन दिल्या आणि तिन्ही ठिकाणी संजीवनीला सांगायला लावलं, ते आधीचं सगळं पूनमच्या हातचं होतं, माझं नव्हे. मॉरीन म्हणाली, ते आम्हाला चवीवरूनच कळलं. बाई तोंडाची फटकळ आहे, पण तिचं खरं होतं, तुझ्यासारखी पोळी मला साधली नव्हती. पॅटच्या मशीनवर मी एका झाकणावर शेखरचं नाव टाकलं आणि तो डबा त्याच्याकडेच ठेवला. ख मी मोठा काढला. पॅट त्यावर बोट फिरवत राहिला.

डोणगावला परत आल्यावर, त्या दिवशी बसलेल्या होत्या तेवढ्या सगळ्या बायांना घरी बोलावलं. चहा दिला आणि जे लिहिलं तेच सांगितलं. कुणी म्हणालं, जाऊ द्या मावशी, दुःखात बोलतो माणूस. मी म्हटलं, नाही, दुःख होतंच, पण त्यात माझा जुना रागही होता. तू माफ कर असं मी म्हणणार नाही. ते तुझं तू पाहा.

आता प्रसेनजितचं. वैशाखात तो तुझ्या आईनं, मंजुळाबाईंनी, दिलेल्या शेवयांचा डबा घेऊन आला होता. पाणी प्याला आणि मान खाली घालून म्हणाला, हिवरा आश्रम गावच्या सागरचं स्थळ आलं आहे, शाळेत शिकवतो, छकुलीसकट न्यायला तयार आहे. पण पूनम म्हणते, शेखरच्या आईचा शब्द असेल तरच. मी शब्द दिला नाही. डबाही सात महिने फळीवर ठेवून दिला, भरलाही नाही आणि परतही केला नाही. छकुली दुसऱ्या घरची होईल ही भीती होतीच. पण आणखी एक होतं, ते आजवर संजीवनीलाही सांगितलं नाही. हे गेले तेव्हा मी पस्तिशीत होते. मला कुणीच काही विचारलं नाही. जे मला मिळालं नाही ते हिला का, असं माझ्या मनात आलं होतं, पूनम. आलं होतं. ह्या घरात मी एकटीनं जेवण केलं आहे इतकी वर्षं, ते तुझ्या वाट्याला यावं असं मला आता वाटत नाही. तुझ्या आईचा डबा रविवारी संजीवनी घेऊन येईल. आत छकुलीची टोपी आहे, तुझ्या आवडीचे, काडीवर वळलेले सरगुंडे आहेत, आणि तळाशी हिरवं लुगडं, ते तुला दुकानातून नवं आणलं आहे, माझं जुनं नाही. उघडायच्या आधी झाकण पाहा. कोरंच होतं ते. मी त्यावर मशीन चालवली, अक्षर जरा हललं आहे. लग्नपत्रिकेत नवरीच्या नावाआधी घालतात तेच घातलं आहे : चि. सौ. कां. पूनम. खाली लिहिलं आहे, आईकडून. डबा परत पाठवशील तेव्हा रीत मोडू नकोस. त्यात पत्रिका घालून पाठव.

तुझीच,
आई