नदीच्या मध्यावर आई हसली

शनिवार, ८ मार्च

सिनेमाला जायलाच नको होतं. यांनी तिकिटं काढून ठेवली होती. "एक दिवस तुझ्याशिवाय हसू देत ते दात," म्हणाले. मी कवळ्या बनवते, त्यावरचा यांचा हा एकुलता एक विनोद. मीही गेले. बुडालेल्या लाँचवरचा सिनेमा आहे हे यांनाही ठाऊक नव्हतं. पोस्टरवर नुसते नट-नटी आणि निळं आभाळ.

लाँच कलंडली तेव्हा काही वाटलं नाही — खोटं पाणी होतं, कळत होतं. पण नंतर बायका धक्क्यावर येतात, पाण्याकडे बघत उभ्या राहतात आणि धाय मोकलून रडतात, तिथे मी उठून बाहेर आले. आमची आई तशी रडली नव्हती म्हणून.

यांनी विचारलं, "बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, एसी फार होता.

रविवार, ९ मार्च

डोक्यातून जात नाही. लिहूनच टाकते.

बाबा नदीपलीकडे कागदाच्या कारखान्यात कामाला होते. रोज सकाळच्या लाँचने जायचे. एका सकाळी ती भर नदीत उलटली. बाबा सापडले ते पार खाली, वळणापाशी. मी सात वर्षांची, ताई अकराची.

थोड्या दिवसांनी आईने आम्हाला चांगले फ्रॉक घातले, घट्ट वेण्या घातल्या आणि धक्क्यावर नेलं. का, ते सांगितलं नाही. तिथे कठडा तुटलेला, त्या जागी दोर बांधलेला. काळ्या पडलेल्या फळ्यांमध्ये एकच फळी कोरी करकरीत. मला वाटलं, आता आई रडेल. मी तयारीतच उभी होते — ती रडली की मीही रडणार.

ती गेली एका म्हाताऱ्या नावाड्याशी बोलायला. आणि आम्हाला नावेत बसवलं. फेरी मारायला! बाबा गेले त्याच पाण्यावर.

मध्यावर तिने नाव थांबवायला लावली. बराच वेळ पाण्याकडे बघत बसली. मग एकदम हसायला लागली. मोठमोठ्याने. नावाडी बघतच राहिला. "वळवा काका, मागे वळवा," एवढं कसंबसं म्हणाली. घरी आली ती थेट स्वयंपाकाला लागली.

ते हसणं माझ्या मनातून कधी गेलं नाही. तिच्याशी भांडले नाही, पण अढी बसली ती बसलीच. लग्नानंतर तिच्याकडे गेले की खुर्चीच्या टोकावर बसायचं, तब्येतीची चौकशी करायची, निघायचं. तीही कधी थांब म्हणाली नाही.

मंगळवार, ११ मार्च

कामात लक्ष नाही. एका आजोबांच्या कवळीचे पुढचे दात तिरपे बसले. लॅबचे मालक म्हणाले, "बाई, हे घालून आजोबा शिट्ट्या वाजवतील." दात धरून ठेवणारं सगळं मेण वितळवून पुन्हा बसवले.

गुरुवार, १३ मार्च

ताई आली होती. सिनेमाचं सांगितलं, आणि त्या हसण्याचंही. आजवर कधी बोललो नव्हतो आम्ही त्यावर. ती माझ्या पडद्याला टाके घालत होती, हात थांबला तिचा.

"अगं वेडे, तू त्या दिवसांत पाण्याला हात लावत नव्हतीस. आंघोळीचं नाव काढलं की पलंगाखाली. तुझी भीती मोडायला नेलं असणार तिने. आणि तिला स्वतःला कुठे पोहता येतं? हात थरथरत होते तिचे. आपल्या दोघींचे हात धरून बसली होती, आठवत नाही?"

"मग हसली का?"

"ते नाही बाई मला माहीत. पण ती हसली आणि मला हायसं वाटलं. म्हटलं, आई परत आली."

शुक्रवार, १४ मार्च

तिचे हात थरथरत होते. तिने माझाही हात धरला होता, आणि मला ते आठवू नये? हसणं तेवढं बरोबर लक्षात राहिलं.

बाबांच्या मागे तिने त्याच कारखान्यात कागद मोजायचं काम धरलं. बोटं कापलेली असायची. त्या बोटांवर कधी फुंकर घातल्याचं आठवत नाही मला. आपलेच दात नि आपलेच ओठ म्हणतात — मी ओठ मिटून बसले ती बसलेच. गेलेले दिवस काही मेणाचे नाहीत, वितळवून पुन्हा बसवायला.

शनिवार, १५ मार्च

अर्धी सुट्टी काढून आईकडे गेले. जिने चढताना वाक्य जुळवत होते. तिच्यासमोर ते सगळं विस्कटलं. कसंतरी सांगितलं — सिनेमा, धक्का, तिचं हसणं, ताई काय म्हणाली ते. "तू माझ्यासाठी नावेत बसलीस आणि मी तुलाच दगड समजत आले," म्हटलं.

मला वाटलं, जवळ घेईल. ती उठून चहाचे कप विसळू लागली. स्वच्छच होते ते. पाठमोरीच म्हणाली, "उद्या ये. ताईला नको आणूस."

रविवार, १६ मार्च

आईकडेच बसून लिहितेय. ती पलीकडे पडलीय, डोळ्यांवर हात ठेवून. जे म्हणाली ते तसंच्या तसं उतरवते.

"ताई भाबडी आहे. परत यायचं म्हणून नव्हतं नेलं तुम्हाला. दोघींचे हात धरायचे आणि मध्यावर उडी टाकायची, एवढंच ठरवलं होतं. उठणार, तेवढ्यात तू शिंकलीस. नाक पुसायला हात सोडला तुझा. पुसून झालं आणि हसूच फुटलं — आता बुडवायची त्या पोरीचं नाक पुसतेय मी. मग राहूनच गेलं."