बोट हललं नव्हतं

बाबा,

परवा माझी साखर वाढलेली निघाली. रिपोर्ट हातात आल्यावर पहिले तुम्ही आठवलात, आणि इतक्या वर्षांत कुणाशीच न बोललेली गोष्ट निदान तुम्हाला लिहावी असं वाटलं.

विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या त्या छोट्या कारखान्यात तेव्हा आम्ही सुई न टोचता साखर मोजणारं यंत्र बनवत होतो. डबीच्या खाचेत बोट घालायचं, आत लाल दिवा लागायचा आणि मिनिटभरात आकडा. एक डबी मी बनी पार्कच्या घरी आणली. तुम्ही रोज सकाळी आधी डबी, मग सुई, असे दोन्ही आकडे वहीत लिहायचात. टोचून टोचून बोटांची टोकं कडक झाली होती. आकडे जुळायला लागले तसा मीच म्हणालो, "आता सुई बंद." जुळत होते ते बहुतेक वेळा. तो 'बहुतेक' मी तुम्हाला सांगितला नाही.

मे महिन्यातली ती सकाळ. इन्सुलिन टोचून घेऊन तुम्ही पलंगावर बसलायत, शर्ट घामाने भिजलाय, हात थरथरतोय. "अरे, एकदा सुईने बघ ना. मला बरं वाटत नाही." मी डबी पुढे करतो. बोट हलू नये म्हणून मीच ते घट्ट धरून ठेवतो. आकडा अगदी व्यवस्थित येतो. "बघा, काही नाही. उकाड्याने होतंय, पडून राहा." आणि स्कूटर काढून मी निघूनही जातो, कारण त्या दिवशी मालकांना आकडे दाखवायचे असतात. तासाभराने आईला तुम्ही मोरीजवळ बेशुद्ध सापडलात, कपाळ फुटलेलं. साखर पार खाली गेली होती.

तुम्ही घरी आल्यावर मालक फळं घेऊन भेटायला आले. कपाळावरच्या टाक्यांकडे बघत त्यांनी विचारलं, "मशीन ने गलत बताया क्या?"

"नहीं जी," मी म्हणालो, "इनकी उंगली हिल गई थी."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. फार वेळ नाही. मग त्यांना म्हणालात, "हाँ जी, मेरी ही उंगली हिली." रेल्वेच्या सिग्नल खात्यात स्वतःची चूक स्वतःच्या हाताने रजिस्टरात लिहून बढती घालवलेले तुम्ही! मालक गेल्यावर मी तुमच्या ओरडण्याची वाट बघत उभा राहिलो. तुम्ही एवढंच म्हणालात, "उद्यापासून सुई." पुढे तीन वर्षं तुम्ही जगलात, पण तो विषय तुम्ही काढला नाहीत आणि मीही काढला नाही. यंत्र कधी बाजारात आलं नाही. कारखान्याच्या कागदांत मात्र तुमचं बोट हलल्याची नोंद तशीच राहिली.

काल तुमच्या नातीने माझ्यासाठी साखर मोजणारं मनगटावरचं घड्याळ आणलं. "बाबा, यात सुईच नाही. मतलब, टोचावंच लागत नाही." मी ते परत करायला सांगितलं. ती हिरमुसली. "का पण? आजोबा पण सुईनेच बघायचे का?"

"हो," मी म्हणालो, "त्यांचा असल्या यंत्रांवर विश्वासच नव्हता."

म्हणजे पुन्हा तुमच्याच नावावर ढकललं, बाबा.

खरं तर हा कागद तिच्या हातात द्यायला हवा. ती मराठी अडखळत वाचते, पण वाचते. आत्ता ती बाहेरच्या खोलीत आहे, आणि मी कागदाची घडी करून तो माझ्या कपाटात, कपड्यांखाली ठेवतोय.