बिनगव्हाचं फाउंडेशन

वाल्येवो, २१ डिसेंबर

प्रिय वुकाताई,

धाकट्या बहिणीचा नमस्कार आणि नेहमीचे तीन पापे. (पापे लांबूनच घे. जवळून घेण्याचे दिवस आमच्या घरातून गेले आहेत, का ते पुढे कळेलच.) तुझा नवा गुडघा कसा आहे? नेबोयशा सांगत होता की व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी असा काही बसवलाय की तू आता जिना धावत चढतेस. म्हणजे माझा मुलगा तुला फोन करतो तर! मलाही करतो, आठवड्यातून एकदा, गाडी चालवताना, आणि मी बोलायला लागले की म्हणतो, "आई, बोगदा आला, ठेवतो." (तो राहतो त्या नोवी सादच्या आसपास सगळं तव्यासारखं सपाट आहे. बोगदा कुठून येतो, देव जाणे.) भावोजींची शुगर आटोक्यात असेल अशी आशा करते. त्यांना सांग की तुमच्या मेव्हणीने यंदा आपल्या कुळाच्या संताच्या, संत निकोलाच्या दिवशी, म्हणजे परवा, सगळ्या गावासमोर स्वतःची फजिती करून घेतली. त्यांना माझी फजिती ऐकायला आवडते, दुखण्यात तेवढाच विरंगुळा.

तुला माहीतच आहे की कालिनाला, माझ्या एकुलत्या एका नातीला, गहू चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे, गव्हाचा कण पोटात गेला की पोरगी तीन दिवस आडवी. ते निदान झालं त्या आठवड्यात मी घरातलं सगळं पीठ उचलून शेजारच्या ग्रोझ्दाच्या कोंबड्यांना घातलं, आईच्या हातचं लाटणं चुलीत टाकलं, नवी पातेली आणली आणि साठी उलटल्यावर मक्याच्या पिठाची पोळी लाटायला शिकले. ती लाटता येत नाही, नुसती थापून देवाचं नाव घ्यायचं असतं. माझी सून तियाना हे सगळं पाहायला आली, कपाटं उघडली, लेबलं वाचली आणि म्हणाली, "आई, खूप छान केलंत हो." ती वाईट मुलगी नाही. वाईट असती तर मला तिच्याशी नीट भांडता तरी आलं असतं.

मग ऑगस्टात कालिना माझ्याकडे चार दिवस राहून गेली आणि घरी पोचल्यावर आजारी पडली. तियाना दुसऱ्याच रविवारी हजर. फौजदारासारखी स्वयंपाकघरातून फिरली, काही सापडलं नाही, मग न्हाणीघरात गेली आणि माझी फाउंडेशनची ट्यूब घेऊन बाहेर आली. मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरात, शेवटून तिसऱ्या ओळीत, गव्हाच्या कोंबाचं तेल, तेही लॅटिनमध्ये! वीस वर्षं मी ते तोंडाला फासत होते आणि मला वाटत होतं की गहू फक्त शेतात असतो. आता कालिना पापा कसा घेते हे तुला माहीत आहे, पोस्टातला माणूस शिक्का मारतो तसा, ओठ दाबून, आणि नंतर ओठ चाटते. डॉक्टरांनी सांगितलं की कातडीला लावलेल्याने काही होत नाही, पण तोंडात जात असेल तर टाळा. झालं. तियाना म्हणाली, "आई, एक तर हे लावणं सोडा, नाहीतर काही दिवस पापे नकोत." नेबोयशा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ऐक ना तिचं." त्या दिवसापासून माझी नात मला दारातून हात हलवते. बसच्या ड्रायव्हरला हलवतात तसा.

लावणं सोडा! तियानाला वाटतं, म्हातारीला नट्टापट्टा सुटत नाही. तिला काय ठाऊक. नेबोयशालाही नाही. डोळ्याखालून हनुवटीपर्यंतचा माझा तो डाग, आलुबुखाराचा मुरंबा कुणीतरी फेकून मारल्यासारखा, तो माझ्या चौदाव्या वर्षी तू पहिल्या पगारातून फाउंडेशनची डबी आणलीस तेव्हापासून दिवसाउजेडी कुणी पाहिलेला नाही. मी बाळंतपणालासुद्धा डबी उशाखाली घेऊन गेले. तिहोमिरने (देव त्याच्या आत्म्याला शांती देवो) तीस वर्षांच्या संसारात दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा विचारलं, "रादोयका, जेवायला काय आहे?" यापेक्षा प्रेमळ वाक्य मला आयुष्यात कुणी ऐकवलेलं नाही.

तेव्हा ठरवलं, गहू नसलेलं फाउंडेशन शोधायचं, आणि पेन्शनीत बसणारं. ताई, माणसाने चंद्रावर जावं पण हे करू नये. पहिल्यांदा औषधांच्या दुकानात गेले. मी हळू आवाजात विचारलं आणि त्या बाईने भरल्या रांगेसमोर मला कुट्टूच्या पिठाचा, बिनगव्हाचा पाव दाखवला. म्हटलं, पाव नको, तोंडाला लावायचं हवंय. ती म्हणाली, "पाव तोंडालाच लावतात की!" आणि स्वतःच्या विनोदावर खूश होऊन तिने पुढच्या गिऱ्हाइकाला बोलावलं. संध्याकाळपर्यंत ग्रोझ्दा कुंपणापाशी उभी, "तुला कातडीचा काही रोग झालाय म्हणे?" नंतर चौकातल्या सौंदर्यप्रसाधनांच्या झगमगीत दुकानात. तिथली पोरगी, भुवया अशा की नाकापेक्षा आधी त्याच आत येतात, मला म्हणाली, "आजी, हे लावायचं असतं, खायचं नसतं." मी म्हटलं, बाळ, माझी नात खाते. त्यावर तिने जो चेहरा केला तो मी विसरणार नाही. पण बिचारीने शोधलं. स्वस्तातल्या नऊ ट्यूबांवर काहीच लिहिलेलं नव्हतं, आणि कंपनीला विचारलं तर कंपनी म्हणते की आम्ही मुद्दाम गहू घालत नाही, पण हमी देत नाही. (लग्नाच्या आधी तिहोमिर दारूबद्दल हेच म्हणाला होता.) दहाव्या ट्यूबवर गव्हाच्या ओंबीवर काट मारलेलं चित्र होतं. किंमत ऐकली आणि मी ट्यूब परत ठेवली, हलक्या हाताने, अंडं ठेवतात तशी.

त्यानंतर जे केलं ते भावोजींना वाचून दाखवू नकोस. त्या महागड्या ट्यूबचा एक नमुना काउंटरवर गिऱ्हाइकांनी लावून बघायला ठेवलेला असतो. मी रोज सकाळी पाव आणायला जाते असं ग्रोझ्दाला सांगून जायची (पाव! माझ्या घरात!) आणि तळहातावर थोडं पिळून, दुकानाबाहेर येऊन मुरंब्याच्या बाटलीच्या झाकणात खरवडून ठेवायची. पाचव्या दिवशी भुवयावालीने नमुना उचलून आपल्या खणात ठेवला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिच्या डोळ्यांत कीव होती, आणि कीव घेऊन घरापर्यंत चालत येणं किती लांब पडतं हे मला त्या दिवशी कळलं.

मग ग्रोझ्दाने अक्कल शिकवली. मक्याचं स्टार्च, कोको आणि डुकराची चरबी एकत्र घोटायची, तिच्या आजीची म्हणे हीच रीत. घोटलं. रंगही बरा जमला. नाताळच्या उपासाचा पहिला रविवार, मी ते लावून देवळात गेले, मेणबत्त्यांपाशी उभी राहिले आणि दहा मिनिटांत माझा डावा गाल गळ्याकडे निघाला. शेजारच्या बाईने नाक वर करून हुंगलं. सगळं गाव चाळीस दिवस मांसाला शिवत नाही आणि देवासमोर माझ्या तोंडाला तळलेल्या डुकराचा वास! पाद्रीबुवांनी धुपाटणं माझ्यापुढे दोनदा जास्त फिरवलं. मी रुमाल गालावर दाबून दाढ दुखतेय असं सोंग केलं. पुढचा आठवडाभर लोक मला दातांचे डॉक्टर सुचवत होते.

शेवटी माशाचे पैसे मोडले. संत निकोलाच्या दिवसासाठी बाजूला ठेवलेले, आणि ती ओंबीवर काट मारलेली ट्यूब विकत घेतली. यंदा मासा लहान होता आणि ते सगळ्यांच्या लक्षात आलं. (तुझ्या दिराने तर ताटातला मासा उलटून पाहिला, खाली आणखी एखादा आहे का म्हणून.) पण मी खूश होते. ट्यूब टेबलावर उभी करून तिचा फोटो तियानाला पाठवला. तिचं उत्तर आलं, "आई, थँक्यू. कालिना पापे मोजून ठेवतेय, चार महिन्यांचे." मी तो निरोप ग्रोझ्दाला वाचून दाखवला. दोनदा.

आता ऐक. एकोणीस तारखेला पहाटे उठले, मासा मक्याच्या पिठात घोळवून तळला, तोंड नीट केलं, डाव्या गालावर दोन थर. दाराशी टेबल मांडलं आणि त्यावर संताच्या नावाने उकडलेला गहू, अक्रोड आणि साखर घातलेला, चमच्यांसह. कारण कितीही झालं तरी तो गहू तर हवाच, त्याशिवाय पाद्री घरात पाय ठेवणार नाही. कालिना येणार म्हणून तो जाळीच्या झाकणाखाली, तिच्या हाताला लागणार नाही असा उंच ठेवला होता. इतकी हुशार मी! अकरा वाजल्यापासून पाहुणे येऊ लागले. प्रत्येक जण दारात चमचाभर गहू तोंडात टाकणार, क्रुसाची खूण करणार आणि लगेच घरच्या बाईचे, म्हणजे माझे, तीन पापे घेणार. उजवा, डावा, उजवा. तुझे दीर, त्यांची मुलं, पोस्टमास्तर, तिहोमिरच्या कारखान्यातले सगळे. चाळीस माणसं, ताई. ओलसर ओठ, त्यावर साखर आणि अक्रोडाचा भुगा. आणि मी हसत हसत गाल पुढे करतेय, मनात म्हणतेय, या, या, आज माझ्या तोंडाला काही भीती नाही.

दीड वाजता गाडी आली. कालिना जिन्यावरून धावत, हात पसरून. आणि तियाना मागून ओरडली, "थांब, कालिना, थांब!" पोरगी पायरीवर थबकली. तियाना माझ्याजवळ आली, माझ्या गालावरून बोटाने काहीतरी अलगद टिपलं आणि मला दाखवलं. गव्हाचं साल. अख्खं. तिच्या मागे पाहुणे, माझ्या मागे पाहुणे, सगळे चमचे हवेत. तिलाच रडू येईल असं वाटत होतं. "आई," ती म्हणाली, "जरा तोंड धुऊन येता का? पटकन." तिच्या दृष्टीने किती सोपं होतं ते.

तर मी गेले, साबणाने तोंड धुतलं, पुसलं आणि बाहेर आले. सगळ्यांनी पाहिलं काय पाहायचं ते, आकाश काही कोसळलं नाही, कालिनाने चार महिन्यांचे पापे घेतले आणि लोक पुन्हा माशाबद्दल बोलायला लागले. असा सगळा गोड शेवट झाला. तेव्हा माझं एक छोटंसं काम कर. व्हिएन्नात म्हणे साध्या दुकानांतसुद्धा बिनगव्हाचं फाउंडेशन स्वस्तात मिळतं. बसने येणाऱ्या कुणाबरोबर दोन ट्यूब पाठव. तुझ्या गुडघ्याला आणि भावोजींच्या शुगरला संत निकोला सांभाळो.

तुझीच,
रादोयका

ता. क. रंग फिकट पाठव. गडद लावला की मी ग्रीसच्या समुद्रावर जाऊन आल्यासारखी दिसते आणि लोकांना वाटतं, माशाचे पैसे तिकडे गेले.

ता. क. २. नेबोयशा नवीन वर्षाला तुला फोन करेल आणि सांगेल, म्हणून मीच आधी लिहिते. मी बाहेर आले नाही. तोंड धुतलं, आरशात पाहिलं आणि कडी उघडायला हातच गेला नाही. ट्यूब झोपायच्या खोलीत राहिली होती. पोट बिघडलंय असं आतून सांगितलं आणि टबाच्या कडेवर बसून राहिले, तीन तास, माझ्याच घरच्या सणात. तियाना दोनदा दाराशी आली, "डॉक्टरला बोलावू का?" म्हणाली, आणि इतक्या मायेने की मला तिचा जास्तच राग आला. पाहुण्यांना तिनेच वाढलं. निघताना कालिना दाराबाहेर उभी राहून तिला विचारत होती, "दाराला गहू लावलाय का ग?" ती म्हणाली, नाही. मग पोरीने दाराचे तीन पापे घेतले, मला आवाज आला. मी आतून त्याच जागी गाल टेकवून उभी होते आणि रडत होते. आणखी काय सांगू.

ता. क. ३. ट्यूब राहू दे. सात जानेवारीला, आपल्या नाताळला, ती सगळी पुन्हा येणार आहेत आणि मला त्याआधी एकच गोष्ट कळायला हवी. हा डाग उघडा पाहिलेलं घरचं जिवंत माणूस आता तू एकटीच. मी जन्मले तेव्हा तू सहा वर्षांची होतीस, आज कालिना आहे तेवढीच. आईने मला पहिल्यांदा तुझ्यासमोर धरलं तेव्हा तू घाबरलीस का? खरं लिही, आणि लवकर लिही.